मालक वेगळा, प्रवासी वेगळा : अंजनगाव सुर्जीच्या स्टेशनचं प्रकरण

आमच्या घरी आजोबांच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, एक बिल्टी जपून ठेवलेली आहे. बिल्टी म्हणजे रेल्वेनं माल ताब्यात घेतल्याची पावती. ती दाखवल्याशिवाय पलीकडच्या स्टेशनात माल सुटत नसे. शाई उडत आली आहे, घडीवर कागद फाटला आहे, पण अंजनगाव आणि मूर्तिजापूर ही दोन नावं अजून वाचता येतात आणि करंड्यांचा आकडाही. करंड्या विड्याच्या पानांच्या होत्या.

अंजनगाव सुर्जी हे अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. शाळेच्या इतिहासात ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहापुरतं येतं. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तो सुर्जी-अंजनगावचा तह. गावच्या माणसाला मात्र गावाची ओळख विचारली तर तो आधी पानमळे सांगेल, मग पानपिंपरी (औषधात लागणारी पिंपळी), मग गाडगेबाबांचं शेंडगाव याच तालुक्यातलं आहे हे सांगेल. माणूस पन्नाशीपुढचा असेल तर चौथं नाव शकुंतलेचं येईल.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर जंक्शनवरून दोन हात पसरलेली नॅरोगेज लाइन. एक हात उत्तरेला अचलपूरकडे जातो, सुमारे ७६ किलोमीटरचा. दुसरा यवतमाळकडे, ११३ किलोमीटरचा. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच फूट. अचलपूरच्या हातावर दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट ही आमच्याकडची गावं लागतात. दर्यापूरच्या स्टेशनचं नाव बनोसा. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा आला की हमखास चुकायचा. आज दोन्ही हातांवर गाडी नाही. कुठे रूळ गवतात बुडालेत, कुठे दिसेनासे झालेत.

‘शकुंतला बंद पडली’ असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, जणू एखाद्या सकाळी गाडी आली नाही आणि तिथंच सगळं संपलं. मी अमरावतीला भूगोल शिकवते. विद्यार्थ्यांना एखाद्या जागेचं प्रकरण तपासायला सांगताना मी त्यांना एकच प्रश्न धरायला लावते, म्हणून इथं मीही एकच धरला आहे : स्टेशन गावात होतं, लोक त्यावर जीव टाकत होते, तरी ते रिकामं होत गेलं, ते का? माझं उत्तर आधीच सांगून ठेवते. ही लाइन ज्यांच्या मालकीची होती ते तिच्यात कधी बसले नाहीत आणि जे बसत होते त्यांची मालकी तिच्यावर कधीच नव्हती. मधे गाडी चालवणारा तिसराच होता. या तिघांच्या मधल्या फटीत आमचं स्टेशन गेलं.

रूळ आले ते कापसासाठी

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची मोठी लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. भुसावळनंतर ती शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी वऱ्हाडाच्या मधोमध गेली. तिच्या आधीची काही वर्षं आठवून पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि लँकशायरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडावर खिळलं होतं. लाइन झाल्यावर कापसाचे बाजार तिच्याकडे सरकले. खामगावसारख्या कापसाच्या पेठेला १८७० साली जलंबहून स्वतंत्र फाटा मिळाला, अमरावतीला बडनेऱ्याहून मिळाला.

एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, लाइनीपासून दूर राहिलं. एके काळची वऱ्हाडची राजधानी, गाविलगडच्या पायथ्याचं शहर, आणि कापसाची बंडी रेल्वेपर्यंत न्यायची तर काळ्या मातीतून दिवसच्या दिवस बैल हाकायचे. १९०५ मध्ये एलिचपूरचा जिल्हाही मोडला आणि अमरावतीत मिसळला. अंजनगावचा कापूस याच अवघड रस्त्यावरचा.

ही अडचण एका पेढीला धंदा म्हणून दिसली. किलिक निक्सन ही मुंबईत १८५७ साली सुरू झालेली व्यापारी पेढी. तिनं हिंदुस्थानात अशा बऱ्याच पूरक लाइनी काढल्या. खानदेशातून जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे तिच्याच व्यवस्थेतली. १९१० मध्ये तिनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. त्या दशकात मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळ, आणि पुलगावहून आर्वी अशा अडीच फुटी लाइनी झाल्या. दारव्ह्याहून पुसदला जाणारा फाटाही याच कंपनीचा. तो फार आधीच उखडला गेला.

पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ ठरणारी अट इथेच पडली. रूळ, जमीन, पूल, स्टेशनं कंपनीची. गाडी मात्र चालवायची मोठ्या रेल्वेनं, करारानं, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा. घर एकाचं, भाडेकरू दुसरा, असा तो मामला होता.

अडीच फुटाचा हिशेब

अरुंद लाइन स्वस्त पडते. बांध अरुंद लागतो, रूळ हलके चालतात, वळण आखूड घेता येतं, पूल लहान होतात. पांढरं सोनं पिकणाऱ्या पण दूरच्या मुलखात एवढ्यावर भागत होतं. पण या स्वस्ताईची किंमत मूर्तिजापूरला मोजावी लागे. मोठ्या लाइनीचे रूळ १,६७६ मिलिमीटरचे. अंजनगावहून निघालेला डबा त्या रुळांवर चढूच शकत नाही. म्हणून रुईची प्रत्येक गाठ आणि सरकीचं प्रत्येक पोतं मूर्तिजापूरला छोट्या वॅगनमधून उतरवून मोठ्या वॅगनमध्ये चढवायचं. हमाली दोनदा, वेळ दुप्पट, मोडतोड आणि गळती वेगळी.

कापूस हे सोसतो. गाठ दोन दिवस पडून राहिली तरी नासत नाही. पानाचं तसं नाही. आमच्याकडे पानं खुडून, कवळ्या बांधून, करंडीत केळीचं पान अंथरून लावायचे. वरून ओलं फडकं. उन्हाळ्यात त्या करंडीला सावली आणि पाणी मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी पानं पिवळी पडायला लागतात. आजोबा म्हणे करंड्यांसोबत स्वतः मूर्तिजापूरपर्यंत जायचे. करंड्या कुठे ठेवल्या, उन्हात तर नाहीत ना, हे पाहून, मोठ्या गाडीत चढताना डोळ्यांनी बघून मगच परतायचे. आजी सांगायची, ‘बुढा लेकरायले घिऊन नाई गेला कधी एवळा जपून, जेवळा पानाले घिऊन जाये.’

त्या काळी दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून हे चाललं. पुढे ट्रक आला. तो मळ्याच्या बांधाशी उभा राहायचा, करंड्या एकदाच चढायच्या आणि थेट बाजारात उतरायच्या. मूर्तिजापूरचा फलाट त्या हिशेबातून गळून पडला. माझ्या मते अंजनगावच्या स्टेशनचं पहिलं नुकसान ते. आणि ते प्रवासी गाडीवर कुणाचीही नजर जाण्याच्या कितीतरी आधी झालं.

कापसाचंही तसंच. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस आपल्या भागातल्या खरेदी केंद्रावर घालायचा, तिथून पुढची वाहतूक यंत्रणेनं ठरवायची. आमच्या आठवणीत केंद्राबाहेर बंड्यांची रांग आहे, मग ट्रॅक्टरांची, आणि जिनिंगमधून बाहेर पडणाऱ्या ट्रकांची. त्या ट्रकांमधली एकही गाठ स्टेशनकडे वळताना मी पाहिलेली नाही.

गावानं ते आपलं केलं

माल सुटला तरी माणसं सुटली नाहीत. कंपनीच्या कागदात प्रवासी हा मालाच्या मागून येणारा घटक असेल. आमच्याकडे पुढे तोच मुख्य झाला.

आईचं माहेर मूर्तिजापूरचं. त्यामुळे मला ही गाडी आधी मामाच्या गावची गाडी म्हणून कळली, इतिहास फार नंतर कळला. फलाट म्हणायला उंची अशी नव्हतीच. जमिनीवरूनच डब्याच्या पायरीवर पाय टाकायचा. म्हाताऱ्या बायांना वर घ्यायला आतून कुणीतरी हात द्यायचं, आणि तो हात कोणत्या जातीचा हे विचारायला वेळ नसायचा. मी लहानपणी पाहिलेल्या जागांपैकी गावातली सगळी माणसं एकमेकांना इतकी खेटून बसलेली मी फक्त तिथंच पाहिली.

दर्यापूरचा डॉक्टर गाठायला निघालेला पेशंट, मूर्तिजापूरहून पुढे अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जाणारे, कचेरीच्या तारखेला निघालेला शेतकरी, भाजीच्या टोपल्या, दह्याची गाडगी, शेळी. हंगामात मेळघाटातून खाली उतरलेली कोरकू माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. गाडगेबाबांना मानणाऱ्यांसाठी तर ही लाइन देवळाच्या वाटेसारखी होती. बाबांचा जन्म शेंडगावचा, वाढले ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे, आणि मूर्तिजापूरला त्यांनी उभारलेलं गोरक्षण. लाइनीच्या दोन अंगांना त्यांच्या आयुष्याची सुरुवात.

गाडी हळू चालायची. तासाला वीस किलोमीटरच्या आसपासच. लोक त्यावर खूप बोलतात, पण कारण सांगत नाहीत. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा बांध दरवर्षी थोडा हलतो. त्यावर हलके जुने रूळ, झिजलेले स्लीपर, पातळ होत गेलेली खडी. अशा रुळांवर वेग वाढवणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. मूर्तिजापूर ते दर्यापूर हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. तिथली जमीन आणि पाणी दोन्ही अवघड. वाफेचं इंजिन खारं पाणी प्यालं की बॉयलरच्या आतून क्षारांचा थर चढतो, म्हणून गोड्या पाण्याची सोय ही या लाइनीची कायमची चिंता.

इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते ७० वर्षांहून जास्त काळ राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला वाफेचा काळ संपून डिझेल आलं. गावात तेव्हा आनंद होता, मलाही आठवतो. आता गाडी पळेल, अशी सगळ्यांची आशा. ती पळाली नाही, कारण बदललं होतं ते इंजिन. खालचे रूळ तेच होते. या लाइनीवर लिव्हरपूलचं नाव आणि १८९५ साल कोरलेली सिग्नलची सामग्री उभी होती. म्हणजे सिग्नल लाइनीपेक्षाही वयानं मोठा. डिझेल इंजिन त्या सिग्नलाखालून जायचं.

शेवटच्या वर्षांतली माणसं मला जास्त आठवतात. स्टेशनांवरचे कर्मचारी कमी होत होत गाडीवरच्या मोजक्या लोकांवर सगळं आलं. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची. कुणीतरी उतरायचं, फाटक लावायचं, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबायची, फाटक उघडून तो माणूस धावत येऊन डब्यात चढायचा. तिकीटही गार्डच द्यायचे. एसटीच्या मानानं तिकीट अगदीच कमी. रोजमजुरीवाल्याला परवडणारी ती एकच गाडी होती. उन्हातान्हात हे काम करणाऱ्या त्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. लाइन जेवढी वर्षं जास्त जगली तेवढी त्यांच्या अंगमेहनतीवर जगली.

मग रिकामं कशानं झालं?

एसटी आली म्हणून, असं उत्तर सगळीकडे मिळतं. ते अर्धंच आहे. एसटी वेगानं जायची, बाजारातून सुटायची, दिवसातून कितीतरी वेळा सुटायची हे खरंच. पण मला त्याहून मोठी गोष्ट नकाशावर दिसते, आणि ती मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते.

अंजनगावच्या माणसाला जायचं कुठे असतं? जिल्ह्याच्या कचेरीत, कोर्टात, कॉलेजात, मोठ्या बाजारात. म्हणजे अमरावतीला. अमरावती आमच्या पूर्वेला. लाइन मात्र दक्षिणेला मूर्तिजापूरला जाते, कारण कापूस मुंबईला जायचा होता आणि मुंबईची लाइन तिकडे होती. आता रेल्वेनंच अमरावती गाठायची तर अंजनगाव ते मूर्तिजापूर छोटी गाडी, मूर्तिजापूर ते बडनेरा मोठी गाडी, आणि बडनेऱ्याहून अमरावतीचा दहा किलोमीटरचा फाटा. तीन गाड्या आणि मधे दोनदा ताटकळणं. एसटीनं एका बसमध्ये बसलं की थेट अमरावती. दुसऱ्या दिशेला अकोट, तिकडेही बसच.

१९५६ नंतर विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तालुक्यांची आणि जिल्ह्यांची कामं वाढली, शाळा-कॉलेजं वाढली. माणसांच्या जाण्यायेण्याची दिशा जिल्ह्याच्या ठिकाणाकडे वळत गेली आणि गाडीची दिशा १९१० च्या कापसाकडेच राहिली. गाडीत शेवटपर्यंत बसत राहिले ते दोन प्रकारचे लोक : ज्यांचं काम खरोखर मूर्तिजापूर-दर्यापूरकडे होतं ते, आणि ज्यांना एसटीचं तिकीट परवडत नव्हतं ते. शेवटी दिवसाला एक फेरी उरली. सकाळी गेलेला माणूस त्याच गाडीनं त्याच दिवशी काम करून परत येईल याची खात्री नसली की तो पुढच्या खेपेला ती गाडी धरत नाही. मग गाडीत गर्दी कमी दिसते. मग गर्दी नाही म्हणून फेरी वाढत नाही. या फेऱ्यात एकदा लाइन सापडली की तिच्यावर प्रेम करणारे कितीही असोत, हिशेबाच्या वहीत ती तोट्याचीच दिसते.

वहीतला हा तोटा खोटा होता असं मी म्हणत नाही. पण दोनदा हमाली, तीन गाड्या आणि दिवसाला एकच फेरी यांतून जो तोटा येतो तो प्रवाशांनी केलेला नव्हता.

मालकीची गाठ

आता ती मूळची अट आठवा. १ जुलै १९२५ ला जीआयपी रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. ५ नोव्हेंबर १९५१ ला तिची मध्य रेल्वे झाली. म्हणजे गाडी चालवणारा बदलला, सरकारी झाला. रुळांचा मालक तोच राहिला. कराराची मुदत ठरावीक वर्षांनी वाढत गेली. मुदत संपताना सरकारनं लाइन विकत घ्यावी असा मार्ग खुला होता, आणि दर वेळी मुदतवाढीचाच मार्ग निवडला गेला.

यावरून आमच्याकडे एक समज घट्ट बसला आहे की शकुंतला आजही इंग्रजांची आहे आणि दरवर्षी कोट्यवधी रुपये इंग्लंडला जातात. चौकात, लग्नात, प्रवासात मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की इथं स्पष्ट लिहायला हवं. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय हातांत आली. मालक मुंबईतला आहे. ही इंग्रजांची गोष्ट सांगायला चटपटीत आहे, पण तिनं आपलं नुकसान केलं. लोकांचा राग लंडनकडे वळला आणि विचारायचा प्रश्न विचारायचा राहून गेला : आपल्याच देशातला मालक आणि आपल्याच देशातला चालक असताना रूळ कुणी बदलायचे?

चालकाच्या बाजूनं पाहा. जमीन-रूळ दुसऱ्याच्या नावावर. त्यात जनतेचा पैसा घालून नवे स्लीपर, नवे पूल करायचे तर ते कोणाच्या मालमत्तेत जमा होणार? मालकाच्या बाजूनं पाहा. गाडी तो चालवत नाही, वेळापत्रक तो ठरवत नाही, मालाची वाहतूक तर कधीच गेली. त्यानं भांडवल घालावं असं कारण काय? दोघांची बाजू कागदावर बरोबर आहे. आणि दोन्ही बरोबर असल्यामुळे दर पावसाळ्यात आमच्या बांधाची थोडी थोडी माती वाहून जात राहिली. १९९२ मध्ये देशभरच्या छोट्या लाइनी मोठ्या करण्याचा युनिगेजचा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा बाकीच्या नॅरोगेज लाइनी सरकारच्याच असल्यामुळे त्यांचा विचार सरळ होऊ शकत होता. शकुंतलेसाठी आधी ही गाठ सोडवावी लागणार होती.

प्रवासी या करारात कुठेच पक्षकार नव्हता. त्यानं अर्ज द्यायचा तो चालकाकडे, आणि उत्तरात मालकाकडे बोट.

शेजारी पाहा

आमच्या पश्चिमेला अकोट. तिथून अकोल्याला मीटरगेज लाइन होती, पुढे मेळघाटातून धूळघाटच्या वळशानं खंडव्याला जाणारी. तीही बंद झाली, तीही मोठी करायची ठरली. अकोल्यापासून अकोटपर्यंतचं ब्रॉडगेज झालं आणि नोव्हेंबर २०२२ पासून अकोटला प्रवासी गाडी धावू लागली. अकोटच्या पुढे व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलाचा प्रश्न आहे आणि त्यात वाघाच्या बाजूनं बोलणारे चुकीचे आहेत असं मला वाटत नाही. पण निदान अकोटपर्यंत मालकीचा प्रश्न नव्हता, म्हणून काम पुढे सरकलं. पूर्वेला चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या गावांना बडनेरा-नरखेड मार्गानं ब्रॉडगेज मिळालं. तिथल्या एका स्टेशनाचं नावच वरुड ऑरेंज सिटी. संत्रं तिथं रेल्वेच्या पाटीवर चढलं.

यवतमाळच्या हाताची गोष्टही वेगळ्या वाटेनं जाते आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी लाइन घेतली आहे, तिच्यातला वर्धा ते कळंब भाग २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, पुसद हे तिच्या मार्गावर. म्हणजे शकुंतलेच्या त्या हातावरच्या मोठ्या गावांना दुसरीकडून तरी रेल्वे मिळेल. अचलपूरच्या हाताला अशी दुसरी लाइन नाही. २०१६ मध्ये दोन्ही हात ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली, १,५०० कोटींचा आकडा सांगितला गेला. अचलपूर-परतवाड्याकडच्या लोकांनी त्यानंतरही सत्याग्रह केले. त्यांत वयस्कर माणसं जास्त. मी एकदा जाऊन बसले होते. शेजारच्या काकांनी विचारलं, ‘बाई, तुमचं ठेसन कोणतं?’ मी अंजनगाव म्हटलं तर ते सरकून बसले आणि मला सतरंजीवर जागा दिली.

नुसते रूळ रुंद करून भागेल का?

इथं माझं मत आंदोलनातल्या काही मंडळींपेक्षा वेगळं आहे. होती तशी गाडी परत द्या, ही मागणी मला कळते. माझंही मन तेच मागतं. पण अडीच फुटाची, दिवसाला एक फेरीची, मूर्तिजापूरला संपणारी गाडी परत आली तर ती पुन्हा त्याच फेऱ्यात सापडेल.

ब्रॉडगेजचा खरा लाभ वेगाहून मोठा आहे : मूर्तिजापूरला उतरावं लागणार नाही. अचलपूरहून निघालेला डबा मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर चढून एकीकडे अकोल्याला, दुसरीकडे बडनेऱ्यावरून अमरावतीला जाऊ शकेल. म्हणून मागणीच्या अर्जात ‘ब्रॉडगेज करा’ एवढंच न लिहिता गाडी कुठून कुठपर्यंत हवी हेही लिहायला हवं. सकाळी कचेरी आणि कॉलेजच्या वेळेआधी अमरावतीला पोचणारी आणि संध्याकाळी परतणारी एक गाडी, आणि अकोल्याच्या दवाखान्यासाठी तशीच दुसरी. एसटीचा थेट रस्ता वेळेत तरीही जिंकू शकतो, हे मी नाकारत नाही. पण भाडं कमी आणि सबंध दिवस हाताशी असेल तर मजूर आणि विद्यार्थी ही गाडी धरतील.

आणि माल. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल्वे निघाली, नाशवंत माल थेट दूरच्या बाजारात नेणारी. आमच्या पट्ट्यात केळी आहे, संत्रं आहे, पानमळे कमी झाले तरी आहेत. पानपिंपरी तर वाळवून जाते, तिला घाईही नाही. मूर्तिजापूरला उतरवण-चढवण टळली तर आजोबांना करंड्यांसोबत जावं लागलं ते कारणच उरत नाही. नव्या स्टेशनच्या आराखड्यात फलाटासोबत मालासाठी सावलीचं शेड आणि पाण्याची सोय असावी, हे आत्ताच मांडायला पाहिजे. आराखडा मंजूर झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

तिसरी गोष्ट मालकीची. जमिनीचा आणि लाइनीचा ताबा पूर्णपणे एकाच हातात आल्याशिवाय एकही स्लीपर टाकू नये, असं माझं मत आहे. हे ऐकून आमच्याकडचे लोक नाराज होतात, त्यांना आधी काम सुरू झालेलं हवं असतं. पण शंभर वर्षं ज्या फटीतून स्टेशन गेलं, ती फट उघडी ठेवून त्यावर नवी खडी अंथरण्यात अर्थ नाही.

सध्या मी एक काम हाती घेतलं आहे. अंजनगाव, पथ्रोट, दर्यापूर आणि वाटेतल्या खेड्यांमधून जुन्या बिल्ट्या आणि जाड पुठ्ठ्याची तिकिटं गोळा करते आहे. अर्जात ‘इथून खूप माल जायचा’ असं लिहिलं तर कुणी वाचत नाही. करंड्यांचा आकडा लिहिलेला कागद जोडला तर वाचावा लागतो. पत्र्याच्या डब्यात, देवघराच्या फडताळात, वहीच्या पुठ्ठ्यात अशा बिल्ट्या घरोघरी निघत आहेत. कापसाच्या आहेत, सरकीच्या आहेत, एक तर हरभऱ्याच्या पोत्यांची आहे. मी फोटो काढून कागद जिथल्या तिथं परत ठेवते. आमच्या पेटीतली बिल्टी सगळ्यात वर लावली आहे. आईनं तिच्या फाटलेल्या घडीवर मागून पातळ कागद चिकटवून दिला, आणि मूर्तिजापूरचं नाव झाकलं जाणार नाही एवढं बघून घेतलं.